हप्ता पडला नाही? आधी स्टेटसची ओळ वाचा

पीएम किसानचा हप्ता ज्याच्या खात्यात पडत नाही, तो माणूस साधारण चार दारे झिजवतो: सेतू, तलाठी, कृषी कार्यालय आणि बँक. चारही ठिकाणी ‘आमच्याकडे काही पेंडिंग नाही’ असे ऐकायला मिळते आणि चारपैकी तिघांचे म्हणणे खरेही असते. पैसा अडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी. ती जागा कोणती, हे स्टेटसच्या पानावर लिहिलेले असते. ते न वाचता घराबाहेर पडले की रोज बुडतो, एसटीचे भाडे जाते आणि हप्ता आहे तिथेच राहतो.

थेट खात्यात येणाऱ्या शेतीच्या सरकारी पैशामागे तीन जुळण्या असतात. आधारवरचा माणूस तोच का, ही पहिली. सातबाऱ्यावरची जमीन त्याच माणसाची का, ही दुसरी. आधारला जोडलेले खाते चालू आहे का, ही तिसरी. पहिली मोबाइलवर किंवा सेतूत उरकते, दुसरी महसूल आणि कृषी खात्याच्या हातात असते, तिसरी फक्त बँकेच्या. बँकेची अडचण घेऊन कृषी सहायकाकडे गेलात तर तो बिचारा काहीही करू शकत नाही. त्याच्या लॉगिनला ते बटणच नाही.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळतात, २,००० चे तीन हप्ते: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च. राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना त्यावर आणखी ६,००० घालते. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात सोडला होता. नमोला वेगळा अर्ज नाही. पीएम किसानच्या यादीतूनच नमोची यादी निघते, म्हणून केंद्राचा हप्ता अडला की राज्याचाही अडतो. ‘केंद्राचं जाऊ दे, नमोचं तरी बघा’ असे म्हणत फिरण्यात अर्थ नाही. बघायचे ते केंद्राचेच स्टेटस.

पीएम किसानच्या पोर्टलवर ‘नो युवर स्टेटस’ उघडले की नोंदणी क्रमांक मागतात. तो हाताशी नसेल तर तिथेच मोबाइल किंवा आधार क्रमांकावरून मिळतो. पान उघडल्यावर नाव-पत्ता सोडून खाली यायचे. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे), लँड सीडिंग (जमिनीची जोडणी), आधार-बँक खाते सीडिंग अशा तीन ओळी दिसतात. तिन्हींपुढे ‘येस’ हवे. एकापुढे जरी ‘नो’ असेल तरी बाकीच्या दोन येस काही कामाच्या नाहीत. त्याखाली हप्त्यांचा तपशील असतो: कुठला हप्ता कोणत्या बँकेत, कोणत्या तारखेला गेला. हा भाग लोक वाचतच नाहीत. कित्येकदा हप्ता गेलेला असतो, फक्त आपण पासबुक भरून आणले त्या बँकेत नाही. त्यावर पुढे सांगतो.

ई-केवायसी ही तिघांतली सगळ्यांत सोपी गोष्ट. ओटीपीने करायची तर आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. तो नंबर मुलाचा असतो, मुलगा पुण्याला असतो आणि ओटीपीची मुदत दहा मिनिटांत संपते. हे टाळायचे तर दोघांनी फोन चालू ठेवून एकदमच बसावे. सीएससीत, म्हणजे गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रात, अंगठा लावूनही होते, त्याचे दर १५ रुपये ठरलेले आहेत. पण ज्यांचा जन्म खुरपे-कोयता धरण्यात गेला, त्यांच्या बोटांच्या रेषा मशीनला उमटत नाहीत. चार वेळा अंगठा लावून ‘मिसमॅच’ आला की पाचव्यांदा लावत बसू नका. पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी होते, त्यासाठी आधारचे फेस आरडी ॲपही मोबाइलमध्ये लागते. चष्मा काढायचा, टोपी किंवा पदर कपाळावरून मागे घ्यायचा, उजेड समोरून घ्यायचा आणि पापणी एकदा मिटून उघडायची. ज्याची स्वतःची केवायसी झाली आहे असा शेतकरी आपल्या मोबाइलवरून इतर शंभर जणांपर्यंत केवायसी करून देऊ शकतो, म्हणजे गल्लीत एक जाणता पोरगा असला तरी पुरतो.

ॲप मात्र प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल फिरते, ती उघडली की मोबाइलमधले मेसेज दुसऱ्याला दिसायला लागतात आणि खाते रिकामे होते. सरकार कुणालाही एपीके पाठवत नाही.

आता बँक. सर्वांत जास्त घोळ इथे होतो, कारण ‘आधार लिंक आहे’ या तीन शब्दांना दोन अर्थ आहेत. खाते उघडताना आधारची झेरॉक्स दिली, बँकेने केवायसीला तो नंबर चढवला, हे झाले लिंक. डीबीटीला, म्हणजे थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशाला, ते पुरत नाही. त्यासाठी बँकेने तो आधार एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) मॅपरवर, म्हणजे कोणता आधार कोणत्या बँकेचा या यादीवर, चढवावा लागतो, त्याला सीडिंग म्हणतात. काउंटरवर ‘आधार लिंक आहे का हो?’ विचारले की समोरचा स्क्रीनवर बघून ‘आहे’ म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. विचारायचे असे: ‘डीबीटीसाठी एनपीसीआयला सीडिंग आहे का?’ नसेल तर त्याचा वेगळा संमतीचा फॉर्म असतो, तो भरून द्यायचा आणि पोहोच घ्यायची. बँकेत जाण्याआधी घरबसल्याही खात्री करता येते. माय आधारच्या साइटवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचे नाव, सीडिंग ॲक्टिव्ह आहे की इनॲक्टिव्ह, आणि शेवटचा बदल कधी झाला हे दिसते.

हे समजून घेण्यासाठी मॅपर काय करतो ते थोडे बघू. मॅपरकडे तुमचा खाते क्रमांक नसतो. ‘हा आधार अमुक बँकेचा’ एवढीच नोंद असते. पैसा त्या बँकेकडे जातो आणि कुठल्या खात्यात टाकायचा हे बँकेची यंत्रणा ठरवते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, एका आधारवर एका वेळी एकच बँक असते आणि शेवटी जिने सीडिंग केले ती आधीच्या बँकेला बाजूला सारते. दोन, अर्जावर तुम्ही कोणता खाते क्रमांक आणि आयएफएससी लिहिला होता याला आधारवर येणाऱ्या पैशात काही किंमत नाही. १ मे २०२५ ला राज्यातल्या दोन ग्रामीण बँका एक झाल्या. अशा वेळी लोक आयएफएससी बदलून घ्यायला धावतात. आधारवरच्या पैशासाठी ती धावपळ वाया. मॅपरवर बँकेचे नाव ॲक्टिव्ह दिसते ना, तेवढे बघा.

बँक नकळत कशी बदलते? लाडकी बहीणच्या वेळी २०२४ मध्ये बायकांनी पोस्टाच्या पेमेंट बँकेत नवीन खाती उघडली आणि तिथे सीडिंग झाले. ज्या बाईच्या नावावर जमीन आहे तिचा पीएम किसानचा हप्ताही त्या दिवसापासून पोस्टात पडू लागला. घरचे जुन्या बँकेचे पासबुक भरून ‘तीन हप्ते आलेच नाहीत’ म्हणतात. पैसे पोस्टात व्यवस्थित पडून असतात. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी, गॅसच्या सबसिडीसाठी, सिमकार्ड घेताना कुणी उघडून दिलेल्या पेमेंट बँकेसाठी, कुठेही अंगठा लावून संमती दिली की हे होऊ शकते. (लाडकी बहीणवरून निघालेच आहे तर: जिला पीएम किसान आणि नमो मिळून महिन्याला १,००० रुपये पडतात, तिला त्या योजनेतून १,५०० ऐवजी फरकाचे ५०० च मिळतात. ती कपात आहे, चूक नव्हे.)

बँक बरोबर असूनही पैसा परत फिरतो, त्याची कारणे ठरलेली आहेत. दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. केवायसीची मुदत संपली तर फ्रीज होते. जनधनच्या काळात अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या ‘छोट्या खात्यां’ना शिल्लक ५० हजार आणि वर्षभरातली एकूण जमा एक लाख अशी मर्यादा असते. कापसाचे किंवा कांद्याचे पैसे त्याच खात्यात आले की मर्यादा भरते आणि पुढचे २,००० परत जातात. यावर उपाय एकच, आधार-पॅन देऊन खाते पूर्ण केवायसीचे करून घेणे. चौथे कारण होल्ड. पीककर्ज थकले की शाखा खात्यावर होल्ड लावते, पैसा जमा दिसतो पण निघत नाही. अनुदान कर्जात वळते करू नका, अशा सूचना सरकार बँकांना देत असते. त्या सूचनेचा हवाला देऊन शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. तोंडी भांडणाने होल्ड निघत नाही.

जमिनीची ओळ

लँड सीडिंगपुढे ‘नो’ असेल तर बँकेचा काही संबंध नाही. पोर्टलला तुमच्या नावावरची जमीन सापडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कधी गटाचे पोटहिस्से पडून क्रमांक बदललेला असतो, नोंदणी जुन्याच गटावर असते. कधी सातबाऱ्यावर अजून वडील आहेत आणि नोंदणी मुलाची. कधी जमीन विकलेली असते आणि तेव्हा ‘नो’ योग्यच असते.

यातला कळीचा दिवस १ फेब्रुवारी २०१९. त्या तारखेला ज्याच्या नावावर लागवडीची जमीन होती तो पात्र. त्यानंतर खरेदीने, बक्षीसपत्राने किंवा वाटणीपत्राने जमीन नावावर झाली तर लाभ नाही. फक्त मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला सूट आहे. बापाने हयातीत मुलाला जमीन फोडून दिली आणि मुलाने नोंदणी केली, असे हजारो अर्ज यामुळेच नामंजूर होतात. फेरफारावरची (मालकी बदलल्याच्या नोंदीवरची) तारीख आणि प्रकार या दोन गोष्टी बघितल्या की निकाल लगेच कळतो. नवीन नोंदणीला चालू सातबारा, तो फेरफार, नवरा-बायको आणि मुलांची आधार कार्डे, रेशनकार्ड एवढे लागते. नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरतात. दोघांच्या नावावर वेगवेगळे सातबारे असले तरी हप्ता एकालाच. दोघेही घेत असतील तर आज ना उद्या पडताळणीत दोन्ही थांबतात, आणि मग खुलासा करेपर्यंत एकालाही मिळत नाही. सज्ञान मुलाचे नाव वारसाने लागले असेल तर तो वेगळे कुटुंब. तीन भावांचे सामाईक खाते असेल आणि तिघांची नावे सातबाऱ्यावर असतील तर तिघेही आपापल्या जागी पात्र.

वारस लावायचे असतील तर मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो (पद आता ग्राम महसूल अधिकारी म्हणवते, पण गावात तलाठीच). महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवरून ऑनलाइनही देता येतो. मृत्यू दाखला, वारसांची नावे-नाती सांगणारे प्रतिज्ञापत्र, आधार आणि आठ अ (खातेउतारा) जोडायचा. हक्कनोंदीची नोटीस पंधरा दिवसांची. हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. गावोगावी वीस वीस वर्षे आजोबांच्या नावावर सातबारे चालले आहेत, आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. अनुदान थांबले की मगच वाटते. एवढ्या काळात वारसांचेही वारस झालेले असतात, बहिणींची नावे कुठे, कुणाची सही कुठे, असे सुरू होते. हप्त्यासाठी नाही तरी त्यासाठी वारस वेळेवर लावावेत.

नावातला फरक ही वेगळी डोकेदुखी. सातबाऱ्यावर ‘किसन’, आधारवर ‘कृष्णा’. एकीकडे ‘सुमन’, दुसरीकडे ‘सुमनबाई’. कुठे वडिलांच्या नावातला ‘राव’ गळलेला. आधारवरचे नाव चुकीचे असेल तर आधार केंद्र. सातबाऱ्यावरचे नाव लिहिताना चुकले असेल तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज, सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफार. दोन्ही एकदम बदलायला जाऊ नका. एक पक्के करा आणि दुसरे त्याच्याशी जुळवा.

फार्मर आयडी आल्यापासून हा फरक आणखी बोचतो. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीतला हा क्रमांक ११ अंकी, आणि राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना सक्तीचा. आयडी काढताना पोर्टल आधारवरचे नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी ताडून बघते. फार फरक असेल तर अर्ज तलाठ्याच्या मंजुरीला अडकून बसतो. आयडी मिळाला म्हणजे काम संपले असेही नाही. दोन गावांत जमीन असेल तर दोन्हीकडचे गट त्यात जोडलेत का ते बघा. सेतूवाला घाईत एक गट जोडतो आणि पुढच्या अर्जदाराला बोलावतो. पुढे महाडीबीटीवर (राज्याच्या अनुदानांच्या पोर्टलवर) अर्ज भरताना राहिलेला गट दिसत नाही, मग दोष त्या पोर्टलला.

अपात्रतेची यादी मोठी आहे, ती सगळी इथे देत नाही. गावात लागू पडतात त्या दोन: मागच्या वर्षी आयकर भरलेला असणे, आणि महिन्याला १० हजार किंवा जास्त निवृत्तिवेतन. सरकारी नोकरीतले आणि निवृत्तही बाद, चतुर्थ श्रेणी वगळून. कुठल्या कर्जासाठी सीएने रिटर्न भरून दिले आणि त्यात थोडा कर भरला गेला, तर तो शेतकरी आयकरदाता ठरतो आणि घेतलेले हप्ते परत करायची नोटीस येते. नुसते शून्य कराचे रिटर्न आणि प्रत्यक्ष कर भरणे यात फरक आहे. तशी नोटीस आली तर रिटर्नची प्रत घेऊन तहसीलला जा.

अतिवृष्टीच्या मदतीचा हिशेब

हा पैसा डीबीटीनेच येतो, पण यादी पंचनाम्यातून तयार होते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्क्यांवर हवे. दर हेक्टरी आहेत: कोरडवाहूला ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, मर्यादा दोन हेक्टर. मध्यंतरी जानेवारी २०२४ पासून राज्याने १३,६००, २७,००० आणि ३६,००० असे वाढीव दर तीन हेक्टरपर्यंत दिले होते. २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा जुने दर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये मर्यादा परत तीन हेक्टर झाली. म्हणून ‘गेल्या वेळी इतके आले, यंदा एवढेच कसे?’ याचे उत्तर बहुतेक वेळा नुकसान कोणत्या महिन्यातले यात असते.

हिशेब स्वतः करून बघता येतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे असते. ०.८१.०० म्हणजे ८१ आर, म्हणजे दोन एकर. त्यात सगळे सोयाबीन गेले असेल तर कोरडवाहू दराने ०.८१ गुणिले ८,५००, म्हणजे ६,८८५ रुपये. यापेक्षा कमी आले तर तीन गोष्टी तपासा. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वजा झाला का? यादीत बाधित क्षेत्र किती लिहिले आहे? आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून केलेल्या पीकनोंदीत, त्या गटावर कोणते पीक, किती क्षेत्रावर नोंदले होते? पाहणी न केलेला गट कोरा दिसतो आणि पंचनाम्यातले सोयाबीन कशाशी ताडायचे हा प्रश्न उरतो. पाहणीतली आपली चूक ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करता येते. नंतर तलाठ्याकडूनच.

दुसरा घोटाळा गुंठा आणि आर यांचा. हेक्टरमध्ये १०० आर, एकरात ४० गुंठे. एक गुंठा साधारण एका आरइतकाच, त्यामुळे त्यात फारसे बिघडत नाही. बिघडते ते एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात पडला की. दीड एकर ‘१.५०’ लिहिले तर शेतकऱ्याला अडीच पट पैसे येतात, पुढे वसुली निघते आणि ती भरताना जीव जातो.

यादी मंजूर झाली की प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक पडतो, गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन आपले सरकार केंद्रात आधार प्रमाणीकरण करायचे आणि पावती घ्यायची. सामाईक खाते असेल तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र लागते. भाऊबंदकीत हे संमतीपत्र मिळत नाही आणि मदत परत जाते, हा राज्यभरचा अनुभव. वाटप नसेल झाले तरी निदान या कागदापुरते एकत्र बसावे.

ठिबक

ठिबकच्या अनुदानात रक्कम मोठी आणि चुका महाग. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला, म्हणजे दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्के. म्हणजे ८० आणि ७५. दोन हेक्टर मोजताना सगळ्या गावांचे आठ अ एकत्र धरतात. इथे दीड हेक्टर आणि सासुरवाडीच्या गावाला एक हेक्टर असेल तर तुम्ही ‘इतर’मध्ये. लाभ जास्तीत जास्त पाच हेक्टरला, आणि एकदा लाभ घेतलेल्या क्षेत्रावर पुन्हा घ्यायला सात वर्षे जावी लागतात. जमीन विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने त्या गटावर ठिबक घेतले होते का, हे आधी विचारून ठेवा.

८० टक्के म्हणजे बिलाच्या ८० टक्के नव्हे. सरकारने लॅटरलच्या (रानात अंथरायच्या नळ्यांच्या) अंतरानुसार खर्चाचे मापदंड ठरवले आहेत. मापदंड आणि बिल यांत जे कमी त्यावर टक्केवारी लागते. समजा एकरभराचा मापदंड ५०,००० निघतो आणि डीलरचे बिल ६२,००० आहे. अनुदान ४०,०००. खिशातून २२,०००. ‘फक्त वीस टक्के भरा’ हे ऐकून १२,४०० ची तयारी ठेवलेला माणूस इथे अडकतो. डीलरला बिलाआधी मापदंडाप्रमाणे हिशेब कागदावर लिहून मागा.

अर्ज महाडीबीटीवर, शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी लॉटरी होती, २०२५ पासून जो आधी त्याला आधी. निवड झाल्याचा मेसेज आला की कागद चढवायचे: सातबारा, आठ अ, कोटेशन, आराखडा, विहीर-बोअरची नोंद. सातबाऱ्यावर विहीर नसेल तर पाण्याच्या साधनाचे स्वयंघोषणापत्र लागते. विहीर सामाईक असेल तर हिस्सेदाराची संमती. त्यानंतर येते पूर्वसंमती, म्हणजे संच घ्यायला कृषी खात्याची आगाऊ मंजुरी. यात एकच नियम, पण त्याच्यावर कित्येकांचे अनुदान गेले आहे: बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या नंतरची हवी. पाऊस तोंडावर आला, डीलर म्हणाला ‘टाकून घ्या, कागद नंतर करू’, आणि बिल चार दिवस आधीचे निघाले, की अर्ज बाद. पूर्वसंमतीच्या पत्रावर संच बसवून बिल चढवायची मुदत दिलेली असते, ती संपली तर अर्ज आपोआप रद्द. बिल जीएसटीचे पाहिजे आणि त्यावर नाव आधारवरचेच.

मग मोका तपासणी. अधिकारी जीपीएसचा फोटो काढतो आणि लॅटरल मोजतो. त्यालाच काय, तुम्हालाही मोजता येते. एकरात ४,०४७ चौरस मीटर. ओळींतले अंतर १.२ मीटर असेल तर ४,०४७ भागिले १.२, म्हणजे ३,३७२ मीटर लॅटरल. ५०० मीटरच्या बंडलांत पावणेसात. अंतर दीड मीटर असेल तर २,६९८ मीटर, साडेपाचला थोडी कमी बंडले. कोटेशन १.२ चे आणि रानात दीडवर अंथरलेले, हा सर्रास प्रकार आहे. सव्वा बंडलाहून जास्त फरक डीलरच्या गोदामात राहतो. तपासणीत बिल दीडच्या मापदंडाने कापले जाते आणि कापलेली रक्कम डीलर तुमच्याकडे मागतो. नळी उतरवून घेताना बंडले मोजा. नळीवर दर थोड्या अंतराने छापलेला आयएसआयचा मार्क बघा. इनलाइन नळीला आयएस १३४८८ लागतो. तो नसेल तर तपासणीतच अडते.

अनुदान दोन तुकड्यांत येते. वरच्या उदाहरणात ५५ टक्क्यांचे २७,५०० एका वेळी आणि राज्याचे पूरक १२,५०० दुसऱ्या वेळी, कारण दोन्हींचे लेखाशीर्ष वेगळे आणि निधी वेगळ्या वेळी येतो. मध्ये काही महिने जाऊ शकतात. त्या काळात ‘तुमचे कमीच मंजूर झाले’ असे सांगणारा कुणी भेटला आणि टक्केवारीवर काम करून द्यायला तयार झाला, तर महाडीबीटीवर अर्जाचा तपशील उघडून मंजूर रक्कम बघा. दोन्ही आकडे तिथे असतात. पीएम किसानची विचारपूस १५५२६१ वर फुकट होते. लेखी तक्रार द्यायची झाली तर स्टेटसच्या पानाची आणि माय आधारच्या सीडिंगच्या पानाची प्रिंट मागे जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.